छपन्या, मानमोडी, बहात्तर

शहाद्याकडे जुन्या माणसाला जन्माचं साल विचारलं की आकडा हाती लागत नाही. दुष्काळ लागतो, साथ लागते, नाहीतर तापीचा पूर. माझ्या आजीला आम्ही सगळे मोठी माय म्हणायचो. तिच्या आईचं लग्न छपन्याच्या पुढच्या साली झालेलं. ती स्वतः मानमोडीत आठेक वर्षांची. माझा धाकटा भाऊ बहात्तरच्या दुष्काळातला, वरच्या दुधाविना वाढलेला. पंचांगाशी आणि शाळेच्या दाखल्याशी तिच्या या कालगणनेचं काही देणंघेणं नव्हतं, पण ती कुठे चुकलेली मला आजवर सापडलेली नाही.

आमचं घर पुरुषोत्तमनगरात. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेली ही वस्ती. कारखाना उभा केला पी. के. अण्णा पाटलांनी आणि वस्तीचं नावही त्यांच्याच नावावरून, पुरुषोत्तम. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, दक्षिणेला तापी, मधे काळी भारी जमीन. वडील शेतकी खात्यात होते. ऊसनोंदणीच्या वह्या पिशवीत घालून फटफटीवर गावोगाव फिरायचे. हंगामात रात्रभर उसाच्या गाड्यांची घुंगरं वाजत आणि मळीचा आंबूस वास घराघरात शिरे. मोठी माय गावाकडून आमच्याकडे राहायला आली, पण तो वास तिला कधी मानवला नाही. म्हणून ती ओट्यावर वाऱ्याच्या तोंडाला बसायची आणि आम्ही पोरं तिच्याभोवती.

छपन्याची गोष्ट तिची स्वतःची नव्हे, तिच्या आईची. विक्रम संवत १९५६, म्हणजे इंग्रजी १८९९-१९००. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, पेरलेलं बी मुंग्यांनी उचलून नेलं. जनावरांना घालायला काडी उरली नाही तेव्हा घराच्या छपराचं गवत उपसून त्यांच्यापुढे टाकलं. तरीही दावणीचे बैल एकेक करून गेले. पुढच्या वर्षी पाऊस आला तेव्हा जुवाच्या एका बाजूला उरलेला एक बैल आणि दुसऱ्या बाजूला तिचा आजा, अशी पेरणी झाली. आणि डोक्यावर छप्पर नव्हतं म्हणून ज्या पावसाची वर्षभर वाट पाहिली त्याच पावसात बाळंतीण भिजली. सरकारी कामावर खडी फोडायला गेलेल्यांपैकी किती जण पटकीने गेले त्याची मोजदाद घरात कुणापाशी नव्हती. मोठी माय एवढंच म्हणायची, "गावानं काही पाप केलं असंल."

हे वाक्य मला लहानपणीही खुपायचं. आमच्या गावाने असं काय केलं असेल, आणि त्याची शिक्षा गुजरातेला, राजस्थानला, मध्य प्रांतालाही एकाच वर्षी कशी व्हावी?

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने देशभरच्या पावसाचे आकडे १८७१पासून जुळवून ठेवले आहेत. पुढे शिकायला पुण्यात गेल्यावर मोठ्या मायची वर्षं मी त्या आकड्यांशेजारी ठेवून पाहिली. १८७७, १८९९, १९१८, १९७२. देशाच्या सर्वांत कोरड्या पावसाळ्यांमध्ये ही चारही वर्षं मोडतात. तीन तिच्या तोंडी होती. चौथं, १८७७चं, तिच्या आईच्याही आधीचं. आणि या चारही वर्षी पॅसिफिक महासागराचा विषुववृत्तावरचा पट्टा पेरू देशाच्या बाजूने नेहमीपेक्षा तापलेला होता. त्यालाच आज आपण एल निनो म्हणतो. गावाच्या पापाचा प्रश्न माझ्यापुरता तिथेच मिटला.

दुधाच्या पातेल्यावर एका बाजूने फुंकर घातली की साय पलीकडच्या काठाला गोळा होते. फुंकर थांबली की सरकत परत येते. पॅसिफिकवरची फुंकर व्यापारी वाऱ्यांची. ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि उन्हाने तापलेलं वरचं पाणी इंडोनेशियाकडे ढकलत राहतात. तिथली समुद्राची पातळी पेरूच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते. पेरूकडे मोकळ्या झालेल्या जागी खालचं थंड, माशांना पोसणारं पाणी वर येतं. इंडोनेशियाच्या बाजूला २८ अंशांहून अधिक तापलेल्या पाण्यावर हवा वर चढते, ढग उभे राहतात, आणि आपल्या मोसमी वाऱ्यांनाही त्याचा हातभार लागतो. काही वर्षी हे वारे मंदावतात. ऊन पाणी पूर्वेकडे परततं, त्याच्यामागे ढगांचा सगळा पसारा पॅसिफिकच्या मध्यावर सरकतो, आणि वर चढलेली हवा खाली उतरते ती आपल्या बाजूला. उतरणारी हवा ढग धरू देत नाही. बंगालच्या उपसागरात उठणारी, एरवी मध्य भारत ओलांडून नर्मदा-तापीच्या खोऱ्यांपर्यंत पाऊस आणणारी कमी दाबाची क्षेत्रं अशा वर्षी थोडी असतात किंवा वाटेतच विरतात. तापीकाठी शेतकरी आभाळाकडे बघत उभा असतो, आणि आभाळात काय होणार याचा पुष्कळसा भाग अर्ध्या पृथ्वीपलीकडच्या पाण्याच्या उष्णतेने आधीच ठरलेला असतो.

उलटंही होतं. वारे जोर धरतात, मधलं आणि पूर्वेकडचं पाणी नेहमीपेक्षा गार होतं, आणि आपल्याकडे बहुधा भरून पाऊस पडतो. ती ला निना. हवा आज तापते नि उद्या निवते. समुद्र मात्र एकदा तापला की महिनोन् महिने ती उष्णता धरून ठेवतो. सालोसालच्या हवामानात जो चढउतार दिसतो त्याचा सर्वांत मोठा एकटा कर्ता हा पट्टा आहे.

हे उमगायला जी माणसं झटली त्यांच्या धडपडीची सुरुवात दुष्काळातूनच झाली. भारतीय हवामान खातं १८७५ साली स्थापन झालं आणि दोनच वर्षांत १८७७चा कोरडा पावसाळा आला. खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अंदाज बांधू लागले. त्यांच्यानंतरचे जॉन इलियट यांनी १८९९साठी चांगल्या पावसाचा अंदाज दिला होता. तेच ते वर्ष, ज्यात आमच्या घराचं छप्पर बैलांनी खाल्लं. टीका इतकी झाली की पुढे काही वर्षं अंदाज गोपनीय ठेवले गेले. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख म्हणून सिमल्याला आले. ते केंब्रिजचे गणिती, हवामानाचं शिक्षण नसलेले. त्यांनी भारतीय कारकुनांना बसवून जगभरच्या हवेच्या दाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे एकमेकांशी ताडून पाहायला लावले. पॅसिफिकवर दाब चढला की हिंदी महासागरावर उतरतो आणि पॅसिफिकवर उतरला की हिंदी महासागरावर चढतो, हा झोका त्यांना त्या आकड्यांच्या रानातून सापडला. कारण मात्र सापडलं नाही; ते पाण्याखाली होतं. ते १९६९ साली याकोब ब्यर्कनेस यांनी जोडून दाखवलं: दाबाचा झोका आणि समुद्राचं तापणं ही एकाच घडामोडीची दोन अंगं आहेत. तोवर वॉकर जाऊन दशक उलटलं होतं. त्या कारकुनांची नावं मला कुठे वाचायला मिळाली नाहीत याचं फार वाईट वाटतं. खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं; शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर सिमला ऑफिसच म्हणतात.

मानमोडीचं मोठी माय स्वतः सांगायची, आणि थोडक्यातच सांगायची. १९१८चा पाऊस गेला, खळ्यात काही आलं नाही, आणि अर्धपोटी माणसांवर मानमोडीचा, म्हणजे इन्फ्लुएन्झाचा, ताप आला. घरातले दोन भाऊ आणि एक आत्या एकाच आठवड्यात. देशात त्या तापाने गेलेल्यांचा अंदाज कोटीच्या वर आहे, आणि जनगणनेच्या इतिहासात १९११ ते १९२१ या एकाच दशकात भारताची लोकसंख्या घटली. ताप एल निनोने आणला नव्हता. पण ज्या शरीरांना त्याने गाठलं ती आधीच खंगलेली होती.

बहात्तरबद्दल मात्र ती थकेपर्यंत बोलायची, कारण तो दुष्काळ तिच्या हाताखालून गेला होता. महाराष्ट्रात १९७०पासूनच पाऊस हात आखडून होता. ७२ साली देशभरात सरासरीच्या चोवीसेक टक्के कमी पडला. तापी नुसती वाळू होती. आमच्याकडचं दादर ज्वारीचं पीक म्हणजे पांढरीशुभ्र, गोडसर भाकरी. ते वर्ष रेशनवरच्या लाल मिलोवर काढलं. अमेरिकेतून आलेली ही तांबडी ज्वारी. तिची भाकरी फुगायची नाही, थापताना कडा चिरायच्या. मोठी माय पिठात गरम पाणी घालून, मळून मळून हात दुखेपर्यंत तिला वळणावर आणायची आणि शेवटी चिरलेल्या कडा बोटाने लिंपत तव्यावर टाकायची. आमच्या ताटात तुकडे पडू नयेत एवढीच तिची धडपड. दुष्काळी कामावर मुलांना सुकडी मिळायची, पिवळसर, गोड, कोरडी भरड. आम्ही शेतकऱ्याची पोरं, आम्हाला तिथे उभं राहायची घरातून परवानगी नव्हती. पण आमच्या सालदारांचा मुलगा मुठीत लपवून माझ्यासाठी आणायचा.

सालदारांना आम्ही मामा म्हणायचो. भिल्ल समाजातले, पायथ्याकडच्या गावचे. त्यांचं बहात्तर मोठ्या मायच्या बहात्तरपेक्षा वेगळं होतं, आणि ते मी फार उशिरा, विचारल्यावर ऐकलं. साल मोडलं, मालकाकडे काम उरलं नाही. मोहाची फुलं वाळवलेली होती ती संपली, मग डोंगरातले कंद. ते कडू असतात, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावे लागतात, आणि वाहतं पाणीच नव्हतं. मग पाझर तलावाचं काम निघालं. मामी आणि ते मातीची घमेली वाहायचे. मस्टरवर अंगठा आणि आठवड्याने मजुरी. "पयलींदाच हातात रोकडा पैसा आला बघ," ते म्हणाले. ज्या दुष्काळाने आम्हाला लाल भाकरी खायला लावली त्यानेच त्यांना सालदारकीच्या बाहेरचं जग दाखवलं. शहाद्याच्या परिसरात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या भोवती आदिवासी शेतमजूर जमिनीसाठी, मजुरीसाठी उभे राहिले तेही याच वर्षांत. आमच्या घरात तेव्हा त्याबद्दल दबक्या आवाजात बोललं जायचं. आज मला वाटतं, त्या लोकांचं म्हणणं बरोबर होतं, आणि मोठी माय हयात असती तर तिला मी तसं सांगितलं असतं.

बहात्तरच्या त्याच एल निनोने पेरूचा किनाराही उघडा पाडला. थंड पाणी वर येईना, तेव्हा तिथली अँकोव्हेटा मासळी गायब झाली. १९७०च्या सुमारास वर्षाला सव्वा कोटी टनांच्या घरात जाणारी पकड १९७३मध्ये वीसेक लाख टनांवर आली. त्या मासळीचं पीठ जगभरच्या कोंबड्या-डुकरांचं खाद्य. ते संपल्याने सोयाबीनचे भाव चढले आणि अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर काही काळ बंदी घातली. पेरूचा कोळी आणि आमचे मामा यांना एकमेकांचं नावही ठाऊक नव्हतं, पण दोघांचं पोट एकाच पाण्याने मारलं.

तरीही छपन्यात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली आणि बहात्तरमध्ये बहुतांश तगली, हा फरक समुद्राने केलेला नाही. वि. स. पागे यांनी मांडलेली आणि वसंतराव नाईकांच्या सरकारने राबवलेली रोजगार हमी त्या दुष्काळात उभी राहिली. १९७३च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. १८७७मध्ये मात्र ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचं दिवसाचं धान्य एका पौंडावर आणलं होतं. मजुरांनी काम सोडून निषेध केला आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने सरकारशी भांडली. पाऊस दोन्ही वेळा समुद्राने अडवला. माणसाच्या ताटात काय पडायचं ते जमिनीवर ठरलं.

एल निनो म्हणजे दुष्काळ, असं सरळ समीकरणही नाही. १९९७ हे पॅसिफिकच्या शतकातल्या सर्वांत तापलेल्या वर्षांपैकी एक होतं. सगळे धास्तावले, आणि पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्तच पडला. २००२चा एल निनो त्या मानाने मध्यम. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी बांधलेल्या, दशकाहून अधिक काळ साथ दिलेल्या सोळा घटकांच्या सूत्राने सरासरीइतका पाऊस सांगितला होता, आणि जुलैत देशात निम्माही पडला नाही. पुढे पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की पाणी पेरूलगत तापतं की पॅसिफिकच्या मध्यावर, यावर बरंच अवलंबून आहे. मध्यावर तापलं तर उतरणारी हवा थेट आपल्या अंगावर येते. शिवाय हिंदी महासागराचाही स्वतःचा झोका आहे. आफ्रिकेच्या बाजूचं पाणी तापलं आणि सुमात्राकडचं निवलं तर आपल्या पावसाला बळ येतं. साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी १९९९ साली हे मांडलं. १९९७मध्ये या झोक्याने आपल्याला सावरलं. २०१९मध्ये तो इतका जोराचा होता की पाऊस ऑक्टोबर उलटला तरी जाईना. शेतात कापूस काळा पडला, मक्याची कणसं उभ्या ताटावर उगवली. आणि त्याच झोक्याने ऑस्ट्रेलियाची रानं वाळवून वणव्याच्या तोंडी दिली.

२०२३ आठवतं. अमेरिकेच्या हवामान संस्थेने एल निनो सुरू झाल्याचं ८ जूनला जाहीर केलं. ऑगस्टमध्ये देशात सरासरीच्या ३६ टक्के कमी पाऊस झाला. १९०१पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. आमच्याकडे कपाशीची बोंडं लहानपणीच गळाली, उसाच्या कांड्या आखूड राहिल्या. शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो ३१ ऑक्टोबरला. त्यात शेजारचा नंदुरबार तालुका होता. डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली, कारण देशात साखर कमी पडेल अशी भीती. पॅसिफिकमधल्या एका-दोन अंशांचा हा प्रवास बघा: मध्य समुद्र, कोरडा ऑगस्ट, आखूड कांडी, दिल्लीचा आदेश, आणि शेवटी शहाद्याच्या शेतकऱ्याचा भाव.

८ जून ते ३१ ऑक्टोबर. जवळजवळ पाच महिने. छपन्यात सरकारपाशी चुकीचा अंदाज होता, बहात्तरमध्ये एल निनोची आगाऊ खबर नव्हती. आता खबर हाती असते. जूनमध्येच चाऱ्याचं बियाणं वाटता येतं, विहिरींचं पाणी मोजून टँकरची गावं ओळखता येतात, रोजगार हमीची कामं शेल्फवर तयार ठेवता येतात. पिकं वाळून पंचनामे होईपर्यंत थांबायचं, ही पद्धत बदललीच पाहिजे असं मी जिथे संधी मिळेल तिथे बोलतो.

खबरीला एक मर्यादा आहे, ती सांगायला हवी. मार्च ते मे या काळात पॅसिफिक स्वतःच कूस बदलत असतो. त्याआधी बांधलेले अंदाज त्या उंबऱ्यावर अडखळतात. शेतकऱ्याला नेमकं तेव्हाच ठरवायचं असतं. आपली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, त्याच दिवसांत येते. मोठी माय त्या दिवशी शेतातली चार ढेकळं आणायची, आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन अशी नावं देऊन पाटावर मांडायची आणि त्यांवर नवी घागर भरून ठेवायची. खापर पाझरे. सकाळी घागर उचलून ती प्रत्येक ढेकूळ अंगठ्याने दाबून बघायची. जे विरघळलं त्या महिन्यात पाऊस, जे टणक राहिलं तो महिना कोरडा. तिच्या अंगठ्याखाली श्रावण टणक लागला की घरात कुणी काही बोलायचं नाही, पण त्या साली ती कोठारातली दादर विकू द्यायची नाही. तिच्या ढेकळांवर माझा विश्वास नाही. कोठाराबाबतच्या तिच्या सावधपणावर आहे.

मामांचा नातू आता स्वतःची तीन एकर करतो. गेल्या वर्षी मृगाची पहिली सर पडली तशी तो तिफण घेऊन निघाला होता. मी त्याला थांबवलं. पाऊणशे ते शंभर मिलिमीटर पडून जमिनीत ओल उतरल्याशिवाय पेरू नको, दुबार पेरणीचं बी कुठून आणशील, म्हटलं. तो म्हणाला, "दादा, ते मोजू कशात?" त्याच दुपारी शहाद्याला जाऊन पर्जन्यमापक आणला आणि त्याच्या बांधावर, झाडापासून दूर, लाकडी खुंटावर बसवला. रोज सकाळी साडेआठला तो आकडा लिहितो आणि मला फोनवर कळवतो.